पायपेटीचा नवस

नवस कुठे बसून बोलावा याचे काही नियम असतील तर ते मी एकदाच, पण साफ मोडले आहेत. आमच्या तंजावूरच्या मारुतीला मी उडदाच्या वड्यांची माळ, आमच्याकडे त्याला तीच घालतात, कबूल केली ती चर्चमध्ये, पायपेटीसमोर बसून, नवरी दारात उभी असताना. नवस फळला. कोणामुळे फळला याबद्दल माझ्या मनात आजही थोडा घोळ आहे, आणि तो तसाच राहिला तरी माझी तक्रार नाही.

पायपेटी मास्टरांची. मास्टर म्हणजे मिशनच्या शाळेत मला आणि राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतल्या निम्म्या मुलींना संगीत शिकवणारे शिक्षक. सकाळी शाळेच्या प्रार्थनेला पेटी, संध्याकाळी सायकलला व्हायोलिन बांधून घरोघरी शिकवणी, आणि रविवारी चर्चमधली ती पायाने भाता मारत वाजवायची मोठी पायपेटी, असा त्यांचा आठवडा असे. आमच्या देवघरासमोर बसून ते रामाची गाणी इतक्या प्रेमाने शिकवत की आई कौतुकाने म्हणायची, "आपण किरिस्तांव आहों म्हणून ह्यांना कोणी सांगिटलेंच नाहीं कीं काय?"

या सगळ्यात त्यांच्या बायकोच्या, मेरीअम्मांच्या, वाट्याला आली ती मास्टरांची पाठ. चर्चमध्ये सगळ्या बायका नवऱ्याशेजारी बसायच्या. मास्टर मात्र लोकांकडे पाठ करून पेटीवर. "मी देवाकडे बघते तेव्हा मध्ये ह्यांचं टक्कल येतं," असं त्या मला तमिळमध्ये सांगायच्या. खुद्द त्यांच्या लग्नातही वाजवणारा आजारी पडला, तेव्हा नवरदेवच पेटीवर बसला होता आणि नवरी आत आल्यावर धावत जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला होता. मेरीअम्मांनी ते काही विसरायचं मनावर घेतलं नव्हतं.

म्हणून मुलीचं, स्टेलाचं, लग्न ठरलं तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं. "पोरीचा हात धरून बापासारखे चालत आत या. मग माझ्याशेजारी बसा. पेटीला हात लावलात तर मी उठून घरी जाईन." मास्टरांनी मान डोलावली, पण वाजवणार कोण? त्यांचा हाताशी आलेला शिष्य नुकताच बंगळूरला संगणकाच्या कंपनीत गेला होता. तेव्हा घरोघरी हेच चाललं होतं. केबल येत होती आणि मुलं जात होती. शेवटी मास्टर माझ्याकडे आले. मी तेव्हा सरकारी कचेरीत नोकरी करत होते आणि घरच्या भजनात पेटी वाजवत होते. शाळेत असताना प्रार्थनेला पायपेटीही वाजवलेली. "अम्मा, जन्मात एकदा मला चर्चमध्ये बायकोशेजारी बसायचंय," ते म्हणाले. यावर नाही कसं म्हणणार?

हो म्हटलं खरं, पण घरी येऊन आईला विचारलं. आपण भजनातली माणसं. तिथे जाऊन वाजवणं देवाला चालेल का, आणि चाललं तर कोणत्या, हेच मला कळेना. आईने तोडगा काढला. "जा गो, बरवें काम आहे. पण जातां जातां मारुतीला सांगून जा. मागाहून कळलं तर वाईट दिसतें." त्याप्रमाणे मी मारुतीला सांगून, आईला बरोबर घेऊन चर्चला गेले.

सवयीने चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी पेटीवर बसले. आमच्यात वाजवण्याआधी सूर लावून बघतात. मी षड्ज धरला. मागे मोठा खडखडाट झाला. वळून बघते तो सगळं चर्च उभं! पेटी वाजली की उठायचं ही त्यांची रीत मी विसरलेच होते. मी हात काढला, लोक बसले. थोड्या वेळाने मला पंचमाची शंका आली. लोक पुन्हा उठले, पण या खेपेला जरा रागानेच. एक आजोबा तर बसायच्या भानगडीतच पडले नाहीत, ते तसेच काठीवर रेलून राहिले.

इतक्यात मागे दारात मास्टर आणि स्टेला आली, मी मान वळवूनच बसले. मास्टरांच्या अंगात नवा कोट होता, चेहरा लहान मुलासारखा फुलला होता. मी देवाचं नाव घेऊन भाता मारला आणि पायाखाली काहीतरी तुटलं. भात्याला बांधलेला पट्टा गेला. म्हशीने सुस्कारा टाकावा तसा आवाज करून पेटी गप्प झाली. मास्टरांनी तो सुस्कारा दारातून ओळखला. मुलीच्या हातातून त्यांचा हात सुटू लागला, पाय पेटीच्या दिशेने वळला. पहिल्या बाकाशी मेरीअम्मांनी पदर खोचला. रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. तेच मला सहन झालं नाही. मी डोळे मिटले आणि म्हटलं, मारुतीराया, या बाईला तिचा नवरा तासभर मिळू दे, तुला वड्यांची माळ घालीन.

डोळे उघडले तर शेजारून एक धिप्पाड माणूस पेटीमागे जात होता. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, रुंद जबडा, खांदे असे की पेटीच उचलून नेईल. त्या पेटीला मागून भाता ओढायचा एक जुना लाकडी दांडा होता. तो कोणी वापरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्याने दांडा धरला आणि म्हणाला, "वाजवा अम्मा, वाऱ्याचं मी बघतो."

आणि वारा आला! असा आला की पेटी गरजू लागली. मी नवरीच्या प्रवेशाचं गीत सुरू केलं, पण भजनात वाढलेला हात, प्रत्येक फेरीला लय चढवायची ही आमची जन्माची सवय. मी चढवली, मागच्याने जोर वाढवला, मी आणखी चढवली. स्टेला आधी चालत होती, मग भराभर चालू लागली, शेवटी झगा सावरत जवळजवळ धावत आली. मास्टर कोटाची बटणं धरून तिच्याबरोबर. व्हिडिओवाला समोरून उलटा पळत होता. पाद्रीबाबांनी दोन पावलं मागे घेतली. नवरी अशी धापा टाकत पोहोचली आणि बघते तर सगळं चर्च हसत होतं. मास्टर मुलीचा हात जावयाच्या हातात देऊन वळले आणि मेरीअम्मांच्या शेजारी जाऊन बसले. बसले! मला पेटीच्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या.

पुढची सगळी गीतं त्या माणसाने वारा पुरवला. जेवणाला तो बिर्याणीच्या पंगतीला न बसता आमच्या शाकाहारी पंगतीत आईसमोर बसला आणि वडे मागून मागून खाल्ले. आई त्याच्या जबड्याकडे बघतच राहिली. "कोणत्या गावचे तुम्ही?" तिने तमिळमध्ये विचारलं. "इथलाच," तो म्हणाला, पान दुमडलं आणि गेला. मागाहून चौकशी केली तर मुलीकडच्यांना वाटलं तो मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. व्हिडिओत त्याचा नुसता एक हात आला आहे. फुकट जेवायला आलेला कोणी असेल, असं माझे कचेरीतले सहकारी म्हणतात. असेलही. आमच्याकडे देवही नैवेद्यालाच येतो.

शनिवारी मी माळ घातली. मास्टर आणि मेरीअम्मा देवळाच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी प्रसादाचे वडे दिले. मास्टर म्हणाले, "अम्मा, तो माणूस तुमच्याकडून आला की आमच्याकडून, यावर आपण वाद नको घालू या. वडा गरम आहे." पुढच्या रविवारी पट्टा नवा बसला आणि मास्टर पुन्हा पेटीवर. मेरीअम्मांसमोर पुन्हा ते टक्कल.

मास्टर गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या लग्नापासून काही अडलं की मी माझ्यापुरती बोटं पेटीच्या पट्ट्यांवर ठेवते आणि थांबते. भाता माझ्या हातात नाही, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यापासून फार हलकं वाटतं.

त्यांच्या अंत्यविधीलाही मीच वाजवलं, या खेपेला अगदी सावकाश. नंतर मेरीअम्मांनी मला जवळ बसवलं. "त्या दिवशी माझ्याशेजारी बसले ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा पूर्ण वेळ माझा हात धरून त्यावर बोटांनी पेटी वाजवत होते. तू जिथे जिथे चुकलीस तिथे जोरात दाबायचे. माझा हात नुसता सुजला होता." त्या हसू लागल्या, मीही हसले. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बरं झालं गं, तू इतकी चुकलीस."