हात लागलेल्या वेली

दारव्ह्याच्या बाहेर, यवतमाळच्या रस्त्याला, एक लहानशी सरकारी रोपवाटिका होती. साठ सालच्या आसपास मला तिथे बागकामदार म्हणून नेमलं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. नागपूरला सहा महिने राहून कलमं बांधायला, झाडांना आळी करायला, छाटणी करायला शिकून आलो होतो. आमच्या घरात पगाराची नोकरी लागलेला मी पहिलाच. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, तेव्हा मी शाळेत होतो. नवं काही सुरू झालंय, असं तेव्हा फार वाटायचं, आणि नोकरी लागल्यावर ते जास्तच वाटायला लागलं.

दारव्ह्यात खोली शोधायला गेलो. तीन घरी खोली होती. नाव-गाव सांगितलं की ती कालच कोणाला तरी दिलेली निघायची. मग रोपवाटिकेतल्या अवजारांच्या खोलीतच खाट टाकली. दिवसा पाणी घालायला जवळच्या बंजारा तांड्यावरच्या दोन बाया येत. त्या आपसात गोरबोलीत बोलत, हसत, आणि माझ्याशी कामापुरतं मराठीत. पाच वाजता त्या तांड्यावर निघून गेल्या की सकाळपर्यंत माझ्याशी बोलायला कोणी नसे. बाजारातून सामान ज्या कागदात बांधून येई, तो कागद मी सरळ करून वाचायचो. एकाच बातमीचा अर्धा भाग कितीदा तरी वाचलेला आहे. उरलेल्या अर्ध्यात काय झालं असेल, याचा विचार करत पडून राहायचो.

त्या गावात माझी कोणाला गरज पडली ती द्राक्षांमुळे.

द्राक्ष हे आमच्याकडचं पीक नाही. पण गावातल्या कोणीतरी कधीतरी हैदराबादकडून काड्या आणल्या होत्या, आणि त्या एका घरून दुसऱ्या घरी जात जात सात अंगणांत सात वेली झाल्या होत्या. वकीलसाहेबांकडे एक, जिनिंगच्या मॅनेजरांकडे एक, दवाखान्याच्या मागे राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंकडे एक, अशा. मांडवावर नुसतं रान माजलेलं असायचं आणि घड चार-दोन. छाटणी करावी लागते हे कोणाला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी मी वकीलसाहेबांची वेल उन्हाळ्यात छाटली, ऑक्टोबरात पुन्हा छाटली, आणि फेब्रुवारीत मांडव घडांनी वाकला. मग सगळ्यांनी बोलावलं.

ते दिवस मला फार आवडायचे. सायकलला करवत आणि कात्री बांधून मी दोन दिवसांत सातही घरं करायचो. लोक अंगणात खुर्ची टाकून बघत बसत. वकीलसाहेब पाहुण्यांना सांगत की हा आमचा द्राक्षवाला, पूर्ण तालुक्यात असा माणूस नाही. मला आत कोणी बोलावत नसे, मागच्या दारानं अंगणात यायचं आणि तिथूनच जायचं, पण मांडवाखाली शिडीवर उभा असलो की मी म्हणेन तसं होई. छाटलेली लाकडं मी वेलीच्या बुडाशीच रचून ठेवायचो, घरच्यांना सरपणाला होतील म्हणून. ऑक्टोबरात कधी पावसाची झड लागलेली असली तरी थांबायचो नाही. ओल्यातच कापायचो.

तिसऱ्या वर्षी छाटणीनंतर वकीलसाहेबांच्या वेलीचा एक ओलांडा फुटलाच नाही. मांडवावर आडवी गेलेली जाड फांदी, तिच्यावर कोंबाचा एकही डोळा हलेना. दुसऱ्या फांदीवर पानं आली ती बारकी, पिवळी, कडा आत वळलेली. मला वाटलं खत कमी पडलं. शेणखत घातलं, पाणी वाढवलं. पुढच्या छाटणीला आणखी एक ओलांडा गेला. मग मॅनेजरांची वेल तशीच व्हायला लागली, आणि एका एप्रिलात भर उन्हात आठ दिवसांत पूर्ण वाळली. पानं हिरवीच सुकून मांडवावर लटकत राहिली. सातांपैकी पाच वेलींना काही ना काही झालं होतं.

एकदा वकीलसाहेबांकडे मागच्या दाराशी सायकल लावताना आतलं बोलणं कानावर पडलं. त्यांच्या आई शेजारणीला सांगत होत्या.

"त्याचा हात लागला तवापासून वेल बसली."

"मंग दुसरं काय होईन?" शेजारीण म्हणाली. "कोणाचाही हात लावू द्यायचा काय?"

मी सायकल वळवली आणि परत आलो. त्यानंतर वकीलसाहेबांनी बोलावलं नाही. मॅनेजरांनीही नाही. बाजाराच्या दिवशी रस्त्यात भेटले तर दुसरीकडे बघत. मी खाटेवर पडून मनात भांडायचो. धर्म बदलला, शिकलो, सरकारी नोकरी लागली, आणि एक वेल वाळली की पुन्हा माझ्या हाताचाच विटाळ. माझी चूक असू शकते, हे त्या रागात माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

नर्सबाई तेवढ्या बोलावत राहिल्या. साठीच्या आसपासच्या, पांढरं पातळ नेसणाऱ्या, घरात एकट्या. आयुष्यभर झरी-जामणीच्या रानातल्या गावांपासून दारव्ह्यापर्यंत बाळंतपणं केलेली. त्यांचा एक ओलांडा वाळला होता, तो काढून टाक म्हणाल्या. मी करवत लावली. फांदी खाली पडली आणि पहिल्यांदाच मी कापाकडे नीट बघितलं. लाकूड अर्धं पांढरं होतं. उरलेल्या अर्ध्यात, कलिंगडाची फोड बसवावी तसा, तपकिरी कुजका तुकडा बसलेला. कापाचं तोंड वळवून पाहिलं, तर तो डाग नेमका मी दोन वर्षांपूर्वी केलेल्या जुन्या जखमेपासून सुरू होऊन खोडाकडे उतरला होता.

बाई चष्मा लावून जवळ आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा जुना काप केला तेव्हा करवत याच्या आधी कुठं चालवली होती?"

"तेव्हा? वकीलसाहेबांकडं."

"मधात धुतली?"

"पुसली असन."

"उकळली काय?"

मला हसू आलं. म्हटलं, बाई, झाडाले कोणी उकळलेली करवत लावते काय? त्या हसल्या नाहीत. मला ओसरीवर बसवलं, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत आतून बोलत राहिल्या. नोकरीला लागल्या तेव्हा त्या माझ्याच वयाच्या होत्या. रानातल्या एका गावात एका महिन्यात पाच बाळंतपणं केली. घाईघाईनं एका घरून दुसऱ्या घरी. पाचांपैकी तीन बाया तापानं गेल्या. गावातले म्हणाले, देवी कोपली. बाईंनाही तेच बरं वाटलं. पुढे तालुक्याच्या डॉक्टरनं विचारलं, पहिलीला ताप आल्यावर दुसरीकडे जाताना काय काय उकळलं? त्यांनी काहीच उकळलं नव्हतं.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या. "माह्या हातानं गेल्या त्या," त्या म्हणाल्या. "तीन बाया."

मला त्यांचा राग आला. म्हणालो, "गाव म्हणते माह्या हातानं वेली मरतात. तुमी बी तेच म्हणून राह्यल्या."

"गाव जातीचं म्हणते. मी करवतीचं म्हणून राह्यली." मग म्हणाल्या, "पण वेल तर मेलीच ना, बाबू."

मी चहा न पिता उठलो. रोपवाटिकेत परत येऊन नागपूरच्या वह्या काढल्या. एका पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, की मोठ्या कापांवर मोरचूद आणि चुन्याचा लेप द्यावा, नाहीतर बुरशी आत शिरते. लिहून घेतलं होतं आणि विसरलो होतो. मोरचूद मागवायला लागतो, लेप कालवायला वेळ लागतो, आणि लोक खुर्च्या टाकून बसलेले असत.

सातही घरी जाऊन सांगायचं, असं मी ठरवलं. ते लोक जे म्हणत होते तेच मी त्यांच्या तोंडावर कबूल करणार होतो, आणि त्यांना करवतीतला आणि जातीतला फरक कळणार नाही हे मला दिसत होतं. तरी गेलो. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. बुरशी, जखम, लेप, सगळं. शेवटी म्हणाले, "म्हणजे आमची आई बरोबरच म्हणत होती." रागावून नाही, अगदी सहज म्हणाले. तिथून आणखी तीन घरी गेलो. उरलेल्यांकडे जाणं माझ्यानं झालं नाही. त्यातल्या एका घरच्या वेलीला तोवर काहीच झालेलं नव्हतं. त्यांना सावध करायला तरी मी जायला हवं होतं.

आठवड्यानं नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, सांगितलं काय? मी म्हटलं, चार घरी. त्यांनी मान हलवली आणि चुलीवर मोठं पातेलं ठेवलं. करवत त्यात मावेना, म्हणून पातं सोडवून दोन वेळा उलटं-सुलटं उकळलं. डाग संपेपर्यंत कापायचं ठरवून मी त्यांच्या वेलीचं खोड वरून कापत खाली आलो. पहिल्या कापात डाग, दुसऱ्यात डाग, तिसऱ्यात बारीकसा. जमिनीपासून हातभर उरलं तेव्हा लाकूड स्वच्छ पांढरं दिसलं. लेप दिला. कापलेलं सगळं लाकूड अंगणाबाहेर नेऊन जाळलं. इतक्या वर्षांचा मांडव रिकामा झाला आणि ओसरीवर एकदम ऊन आलं. बाई म्हणाल्या की आता दुपारी इथं बसता येणार नाही. एवढंच म्हणाल्या.

दीड महिन्यानं बुंध्यातून एक फुटवा निघाला. मी रोज संध्याकाळी बघायला जायचो. तो बांबूला बांधायचा, बाजूचे काढायचे, आणि मग ओसरीवर बसायचं. आम्ही फार बोलत नसू. त्या कधी एखाद्या गावाचं नाव घेत, तिथल्या एखाद्या बाळंतिणीचं सांगत. त्या तीन बायांबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. दारव्ह्यातल्या चार वर्षांत मी ज्या घरात बसलो ते तेवढं एक.

फुटवा मांडवाला टेकला त्या वर्षी माझी बदली मुकुटबनला झाली. तिथे रोपं सागाची आणि बांबूची, द्राक्षाचं नाव कोणाला ठाऊक नाही. पहिल्या हिवाळ्यात बाईंचं पोस्टकार्ड आलं की दोन घड लागले आहेत, आंबट आहेत, पण आहेत. मी उत्तर लिहिलं. दुसऱ्या वर्षी कार्ड आलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षणात एका शास्त्रज्ञांना मी हे सगळं विचारलं. ते म्हणाले, करवतीचा दोष असतो, पण थोडा. ही बुरशी मुख्यतः वाळक्या लाकडावर वाढते आणि पावसात वाऱ्यानं उडून ताज्या कापावर बसते. म्हणजे वेलीच्या बुडाशी रचलेलं ते सरपण, आणि झडीत केलेली ती छाटणी. तेही मीच केलं होतं. तरी मला वाटलं, करवतीचा दोष थोडाच होता, हे बाईंना सांगावं. पुढच्या सुट्टीत दारव्ह्याला गेलो. दवाखान्यामागच्या घरात दुसरं बिऱ्हाड होतं. नर्सबाई कोणा भाच्याकडे गेल्या असं त्यांनी ऐकलं होतं, वर्ध्याला की अमरावतीला ते त्यांना नक्की सांगता आलं नाही. मी अंगणात जाऊन वेल बघू का, असं विचारलं नाही. पाणी घेता का म्हणाले. घेतलं, आणि परतीची मोटार धरली.