लक्ष्मक्काची जागा

“डायबेटिक फूट,” डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची चिघळलेली जखम. लक्ष्मक्काच्या डाव्या अंगठ्यात काच रुतली होती आणि तिला ती कळलीच नव्हती. आता तिथे गँग्रीन झालं होतं. म्हणजे मांस मेलं होतं. अंगठा वेळेत काढला नाही, तर पाऊल जाणार होतं.

ईशा, नील, आजीचं ऐका, मधुमेह असलेल्या माणसाचे तळवे रोज बघावेत. तुमच्या बाबांनाही सांगा. दुखत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नसतं.

“तुम्ही यांच्या कोण?” डॉक्टरांनी मला विचारलं.

“गुरुवारची मैत्रीण.”

तुमचे आजोबा गेल्यापासून मी दर गुरुवारी एका गटाबरोबर यशवंतपूरच्या बाजारात जाते. फुटपाथवर राहणाऱ्या माणसांशेजारी आम्ही तासभर बसतो. काही न्यायचं नाही, काही द्यायचं नाही, फक्त बोलायचं, हा गटाचा नियम. लक्ष्मक्का माझ्याच वयाची. तिचं मराठी इथल्या जुन्या मराठी घरांतलं, निम्मं कन्नड.

तिने ऑपरेशनला नकार दिला. “मी इथं पडून राहिले की जागा जाती. मग बरा झालेला पाय घेऊन जाऊ कुठं?”

जागा म्हणजे एका बंद दुकानाच्या शटरपुढची कोरडी पायरी. निवारा केंद्राचं नावही तिला नको होतं. तिथे तिचं गाठोडं एकदा बाहेर ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाल्या, “उद्यापर्यंत ठरवा. नंतर माझ्या हातात फारसं राहणार नाही.”

“मी बसते तुझ्या जागेवर,” मी म्हणाले.

“तू? इस्त्रीच्या साडीत?” ती हसली. मग विचारलं, “आणि रात्री?”

तिच्या शेजारी झोपणारा बसप्पा हमाल आमच्याबरोबर आला होता. तो म्हणाला, “रात्री मी हाय की, अक्का.”

“सरी,” ती म्हणाली. ठीक आहे.

सकाळी बसप्पा जागेवर थांबायचा, तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर बसायचे. तिची रक्तातली साखर तपासली. मग डॉपलर केली. म्हणजे पायापर्यंत रक्त पोहोचतं का, ते यंत्रावर पाहणं. पोहोचत होतं. अंगठा काढला. “बाकीचं पाऊल वाचलं,” असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आजोबा गेले तेव्हाही मी अशीच मान हलवली होती.

दुपारी मी चटई घेऊन पायरीवर जायचे. कांद्याची सालं झाडायची आणि बसायचं. एकदा कोणीतरी माझ्या चेहऱ्याकडे न बघता शेजारी केळं ठेवलं. मी ते खाल्लं. आपल्या सोसायटीतल्या एक बाई समोरून गेल्या. त्यांनी बघितलं, पण ओळखलं नाही.

मग एका दुपारी पाऊस आला. कडेवर मूल आणि हातात बोचकं घेतलेली एक मुलगी थांबली. “अज्जी, स्वल्प जागा?” थोडी जागा मागत होती.

“इथे माणूस आहे,” मी म्हणाले.

ती पावसात पुढे गेली. मी चटई सरळ केली.

लक्ष्मक्का परत आली ती बसप्पाच्या खांद्याला धरून, पायाला पांढरं बँडेज. ड्रेसिंगला रोज जवळच्या दवाखान्यात जायचं होतं. तिने आधी पायरीच्या दोन्ही कडा बघितल्या.

“कोणी आलं होतं?”

“एक आली होती. लेकुरवाळी. पाऊस होता. मी नाही म्हटलं.”

तिने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मीबी नाहीच म्हटलं असतं. कुठल्या बाजूला गेली?”

“पुलाकडे.”

“बसप्पा, बघून ये रे. असली तर म्हणावं, लक्ष्मक्का आली, आता ये.” मग मला म्हणाली, “आणि तू ऊठ. माझी जागा हाय ती.”

मी उठले. दोन्ही पाय बधिर झाले होते. शटरला धरून मी उभी राहिले. हळूहळू तळव्यांना मुंग्या आल्या, मग कळ आली, पार गुडघ्यापर्यंत. डोळ्यांत पाणी आलं.

“दुखतंय का गं?” लक्ष्मक्काने विचारलं.

“हो,” मी म्हणाले. “दुखतंय.”

“बरं झालं,” ती म्हणाली.