झुंबरबाईंची चार पावलं

निरवांगीतल्या निम्म्या गावाला झुंबरबाईंनी न्हाऊ घातलं होतं. घरात बाळंतीण आली की सकाळी त्यांना बोलावणं यायचं. पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, नडग्यांवर लेकरू पालथं घ्यायचं आणि ऊन पाण्यानं असं रगडायचं, की ते दुपारपर्यंत डोळा उघडायचं नाही. चाळीस वर्षांत एकही लेकरू त्यांच्या हातून निसटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नव्या न्हाणीच्या गुळगुळीत फरशीवर त्या स्वतःच घसरल्या. खुबा मोडला. बारामतीला ऑपरेशन झालं, हाड जुळलं. "आजी, आता बिनधास्त चाला," डॉक्टर म्हणाले. पण पाऊल उचललं की फरशी सरकल्यासारखी वाटायची आणि छातीत धडधडायचं. आधी रान सुटलं, मग देऊळ, मग ओटासुद्धा. आता फक्त खाट ते न्हाणी, तेही वॉकर धरून आणि कुणी दंडाला धरलं तरच.

गेल्या महिन्यात नातसून राजेश्वरी माहेराहून तान्ह्या छकुलीला घेऊन आली. "आजी, हिला तुमीच न्हाऊ घाला," ती म्हणाली. झुंबरबाईंनी हात पुढं केले आणि मागं घेतले.

"नगं बाय. पाटावरनं उठताना माजा तोल गेला तर?"

मग वरच्या आळीतली बाई येऊ लागली. तिचं रगडणं काही झुंबरबाईंना पटायचं नाही. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या.

मंगळवारी बारामतीहून दीप्ती आली. फिजिओथेरपी शिकणारी ही मुलगी म्हातारी माणसं पडायला किती भितात, त्याचा अभ्यास करत होती. खाटेशेजारी बसून तिनं छापील कागद काढला.

"आजी, कपडे घालताना पडायची काळजी वाटते? अजिबात नाही, थोडी, बरीच की खूप?"

"बसूनच नेसती की मी लुगडं."

"म्हणजे अजिबात नाही. आणि जिना चढताना?"

"जिना हाय कुठं आमच्यात?"

"लग्नकार्याला जाताना?"

"मी जात न्हाय."

"पण समजा, गेलात तर?"

"जायाचंच न्हाय, तर भ्या कशाचं?"

दीप्ती क्षणभर घुटमळली, पण खूण 'अजिबात नाही'वरच केली.

"लेकरू घेऊन उठताना," झुंबरबाई हळूच म्हणाल्या, "ह्ये न्हाय का त्यात?"

"नाही आजी. हेच प्रश्न देशोदेशी विचारतात. आपण नवा घातला तर तुलना कशी करणार?"

तिनं बेरीज केली. भीती कमी, असं निघालं. "बरं झालं की," राजेश्वरी म्हणाली आणि तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेली.

तेवढ्यात छकुली रडायला लागली. पाळणा चार पावलांवर होता. झुंबरबाईंनी वॉकर ओढला, उभ्या राहिल्या. एक पाऊल पडलं. दुसरं उचललं आणि परत होतं तिथंच टेकलं. लेकरू काळंनिळं होऊन रडत होतं. "राजू! अगं राजू!" त्यांनी हाक मारली, बाहेर उसाचा ट्रॅक्टर चालला होता, आवाज कुणाला गेला नाही. पुढं जाववेना, मागं फिरून बसायचाही धीर होईना.

ट्रॅक्टर पुढं गेल्यावर रडणं ऐकून दोघी धावत परत आल्या, तेव्हा त्या तशाच उभ्या होत्या, घामानं निथळत. राजेश्वरीनं आधी लेकरू उचललं. दीप्तीनं झुंबरबाईंना कमरेला धरून बसवलं.

"आजी, मी मघाशी..." दीप्ती म्हणाली आणि हातातल्या कागदाकडं बघत राहिली. हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. शेवटी कागद पिशवीत घालून ती एस.टी. धरायला गेली.

संध्याकाळी राजेश्वरीनं खाट पाळण्याला भिडवून लावली. तेव्हापासून झुंबरबाई बसल्या जागेवरून दोरी ओढतात. छकुली गप्प झाली तर बरं. नाहीतर कुणी येईपर्यंत त्या दोरी ओढत राहतात.