दादाचा केक आणि दुसरा भोंगा

दादा जाऊन आज एकवीस दिवस झाले. भेटायला येणारा माणूस रडायला म्हणून बसतो आणि उठताना दादाच्या केकचा एक किस्सा ठेवून जातो! खाणीच्या आमच्या क्वार्टर-लाइनीत इतके किस्से साचलेत की रडायला जागा उरली नाही. मी पाचवीत शाळा सोडलेला माणूस. जमेल तसे लिहितो.

*

दादाने जन्मात चहासुद्धा केला नव्हता. साहेबांच्या बंगल्यावर एकदा केक खाल्ला आणि तिथल्या खानसाम्याला विचारून आला. वहिनीला म्हणाला, "काही कठीण नाही! कणीक, गूळ, सोडा आन् आपल्या वेलाचं कोहळं. गंजात वाळू तापवायची आन् भाजायचं."

परसात लाल कोहळी, म्हणजे लाल भोपळे, इतकी, की आम्ही एखादे हातात घेऊन निघालो की शेजारी दारे लावून घ्यायचे.

पातेल्यात वाळू तापली. दादाने घोळ उचलला आणि थेट वाळूत ओतला!

"अवो, हे काय करून राहिले?" वहिनी ओरडली.

"काहून? फुटाणे वाळूतच भाजते ना!"

घोळ डब्यात घालून डबा वाळूवर ठेवायचा, हे खानसाम्याने सांगितलेच नव्हते. वहिनीने एक तुकडा झटकून तोंडात टाकला. करकर चावला. म्हणाली, "गोड बरोबर झालं."

*

मग कोहळ्याचा कंटाळा आला म्हणून दादाने परसातले टमाटर घातले. वरून चार हिरव्या मिरच्या! शेजारच्या गजाननभाऊंनी चाखून पाहिले.

"लेका, भाजी मस्त जमली. पण चाकूनं काहून कापून राहिला?"

वहिनीच्या डोळ्यांतून पाणी आले. तरी म्हणाली, "गोड बरोबर झालं."

*

गजाननभाऊ खाणीचा भोंगा वाजवतात. सकाळी पहिला भोंगा तयारीचा, पाऊण तासाने दुसरा पाळीचा. आमच्या घरात घड्याळ नव्हते. दादाची दुपारपाळी असली की पहिल्या भोंग्याला केक शेगडीवर, दुसऱ्याला खाली!

एका रविवारी दादा केक शेगडीवर ठेवून दुसऱ्या भोंग्याची वाट पाहत बसला. सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजत नाही, हे धूर निघाल्यावर आठवले. काळा गोळा घेऊन तो शेजारी गेला.

"गजाननभाऊ, माहा केक तुमी जाळला!"

"हा तं कोळसा आहे. ठेव, याच्यावर पुढचा भाज!"

*

मी डोक्याने गरम. एकदा मुकादमाशी भांडून काम सोडून घरी आलो. वाटले, आज मार बसणार. दादाने समोर केकचा तुकडा ठेवला.

"खा. याच्याहून मोठी शिक्षा मले देता येत नाही!"

दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी मुकादमापुढे हात जोडले ते त्यानेच.

*

दादा काविळीने गेला, तेव्हापासून वहिनी धड जेवली नव्हती. तेरवीचे गोडही तिने तोंडाला लावले नाही. परवा सकाळी मला काय वाटले कोणास ठाऊक, वेलाचे शेवटचे कोहळे तोडले आणि शेगडी पेटवली. डबा वाळूवर ठेवून ओरडलो, "वहिनी, दुसरा भोंगा झाला की काढतो!"

गजाननभाऊ कुंपणापाशी तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, तंबाखू फेकली आणि न बोलता सायकल काढून निघून गेले. मला राग आला. दोन शब्द तरी बोलायचे!

बसलो वाट पाहत. मग एकदम आठवले. रविवार!

उघडावे तर कच्चा बसेल, न उघडावे तर जळेल. झाकणाला हात लावला, आणि भोंगा वाजला.

अख्खी लाइन दारात आली. मी डबा उतरवला. केक फुगला होता! वहिनीला पहिला तुकडा दिला. ती सावकाश चावत होती, तेव्हा माझे लक्ष गेले. गुळाचा खडा कागदात तसाच पडून होता.

"गोड बरोबर झालं," वहिनी म्हणाली, आणि ताटली पुढे केली. "आणखी दे, भाऊजी."

तेवढ्यात गजाननभाऊ आले. घामाघूम. बायांनी घेरले, "काहो, आज रविवारचा भोंगा कसा काय?"

त्यांनी सायकल कुडाला टेकवली.

"जाम झाला का काय, तेच पाहून राहिलो होतो."