माझा भाऊ सांडू आन लाल गाडीचं दार

…नाय गं तनू, ‘स्वभाव जरा कडक’ असं नको लिहू. सांडू तोंडाळ हाय, तोंडाळच लिही. सख्खा धाकटा भाऊ हाय माझा, मला हक हाय बोलायचा. आन तो कुठं वाचणार हाय? माझ्यावानीच त्यानं बी शाळा बाहेरूनच बघितली. तू वाचून दाखवलंस तर मात्र शिव्या तुला बसतील, मला नाय.

वाचणाऱ्याला काय म्हाईत सांडू कोण, म्हणून आधी ते सांग. सांडू गाड्यांचा पत्रा ठोकतो. कुठं ठोकर लागली, खड्डा पडला, दार चेमटलं, की लोक त्याच्याकडं आणतात. चिकलठाण्याकडं रोडला लागून त्याचं शेड हाय. आमचं गाव कन्नडकडचं. ज्वान व्हता तव्हा चुलत्याशी भांडला, भरल्या ताटावरून उठला आन जीपमधी बसून इथं शहरात आला. एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली काम शिकला. उस्ताद लई गोड माणूस. सांडूनं काम सगळं उचललं, गोडवा तेवढा तिथंच सोडून आला.

गाडी आली की आधी गाडीला शिव्या, मंग गाडीवाल्याला. “क्या मियां, गाडी चलाते के नांगर?” असं तोंडावर इचारतो. आन त्याची एक खोड हाय, ती नीट लिही, पुढं तिच्यावरच सगळं झालं. मदतीला माणूस ठेवत नाय. दार काढलं, बंपर खोलला, की धरायचं कुणी? ज्याची गाडी त्यानं. म्हणतो, हाताला वजन लागलं की माणूस पुढच्या बारीला नीट चालवतो. एका बँकेतल्या सायबाला टाय लावलेला असतानी डिक्कीचं झाकण धरून उन्हात उभं केलतं. सायब पुन्हा तिकडं फिरकला नाय. दुसऱ्यांदा कुणीच फिरकत नाय. पण त्यानं सरळ केलेला पत्रा बी कधी उलटून आला नाय, ते बी लिही, नायतर म्हणशील आज्जी भावाचं वाईटच सांगती.

आता जावई. माझ्या लेकीचे, तुझ्या संध्याआत्याचे मालक, म्हणजे तुझे फुवा, माऊली नाव. नावावर जाऊ नको. पैठणला घर. त्यांनी पुण्याहून एक जुनी लाल गाडी आणली, रेसची असती तसली. बुटकी, दोनच दारं, पण एकेक दार कपाटाच्या फळीएवढं लांब. आत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायची गत. आन जावईबापू अंगानं भरलेले. त्या खड्ड्यातून उठायचं कसं? तर उघड्या दाराला लोंबकळून. हात खिडकीच्या जागी टाकायचा आन सगळा भार दारावर. रोज तसंच. वर पुन्हा कुणी त्या गाडीच्या जवळ गेलं की डोळे वटारायचे. “माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाय,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरच्या मायला बी तेच, बायकोला बी तेच.

धोंड्याचा महिना आला. तीन वर्सांनी येतो, जावयाला धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं. म्या पुरण घातलं, अनारसे केले, मुकुंदवाडीच्या आपल्या ह्याच दारात पाट मांडला पाय धुवायला. तर जावईबापू म्हणले, गाडीतच बसतो, पाय बाहेर काढतो, इथंच धुवा, मोबाईलमधी घ्यायचंय. धुतले बाबा. जावई हाय, काय बोलणार? धुवून झाले, आन उठले दाराला लोंबकळून. दार असं करकरलं की गल्लीतल्या बायका वळून बघायल्या.

सांडू ओट्यावर बसलेला. मामा म्हणून बोलावलंता, तोंड घेऊन आलता. म्हणला, “जावईबापू, गाडी बसायला घेतली का लोंबकळायला?”

सारी गल्ली हसली. जावयाचं तोंड गाडीवानी लाल झालं. जेवले, पण मान वर करून नाय जेवले. वाण घेतलं, निघाले. तवर दार खाली बसलंतं. उचलून लावलं तरच लागलं असतं. सांडू वरडला, उचला म्हणून. ते मुद्दाम उचलेनात. आपटलं तसंच. लागल्यासारखं दिसलं, लागलं नव्हतं. चक्कीच्या वळणावर गाडी वळली, दार उघडलं आन चक्कीच्या दगडी ओट्यावर जाऊन धडकलं. दाराला या टोकापासनं त्या टोकापर्यंत खड्डा, आन दाराची पुढली कड मडगार्डमधी घुसली.

तव्हा तरी गप बसावं का नाय? सांडू हसला. तोंडात अनारसा, आन हसायलाय.

जावई उतरले, दुसऱ्या दारानं. मला म्हणले, तुमच्या दारात मोडली, तुमच्या माणसानं नजर लावली. सांडू म्हणला, नजर कशाला लागती, बिजागरीच्या पिना आधीच झिजलेल्या व्हत्या, पिनेभोवतीचे बुश, पितळी कड्या असतात त्या, खलास, पुण्याचा आधीचा गडी बी लोंबकळतच असल. दोघं असे भिडले की मधी चक्कीवाला पडला. संध्या मागं उभी, पोटाशी व्हती ती तव्हा, नुकतंच कळलंतं. तिच्याकडं कुणी बघेना. शेवटी जावई बोलले ते असं: “दार पहिल्यावानी होत नाय तवर संध्या ह्या उंबऱ्याला लागणार नाय.”

आम्हाला वाटलं, राग हाय, उतरल. नाय उतरला. पैठणच्या एका फिटरनं त्यांना अजूनच नादी लावलं. मडगार्डमधून कड उपसली, पण दार खाली आलंय तर त्यानं लॉकच खाली सरकवून दिला. चार दिवस दार नीट लागलं, मंग अजून खाली बसलं. मंग जावईबापू डाव्या दारानं आत शिरायचे आन सरकत सरकत स्टेरिंगपाशी जायचे, उजवं दार दोरीनं बांधलेलं. लोक हसायचे, आन प्रत्येक हसण्याचा राग संध्यावर निघायचा.

पहिलं बाळंतपण, माहेरी नको का? सातवा लागला तव्हा म्या फोन केला. इहीणबाईंनी उचलला, पारूबाईंनी. म्हणल्या, पैठणला दवाखाने नायत का, आधी गाडीचं बघा. मंग संध्याला दिला. ती म्हणली, माय, मला भ्या वाटायलंय. एवढंच. पुढं नुसता श्वास ऐकू यायलता. ते लिहितानी थांबू नको गं, लिही.

गेले सांडूच्या शेडवर. त्यानं मलाच फैलावर घेतलं. तुला जावई बघायची अक्कल नव्हती, दाजी जिवंत असते तर असं झालं नसतं, आन काय काय. म्हणला, त्या गाडीला हात लावला तर नाव सांगणार नाय. म्या रडत घरी आले. दुसऱ्या दिवशी उजाडत दारात हजर, खांद्याला हत्यारांची पिशवी. शहागंजातून पितळी बुश आणलेले, लहान-मोठे, कोणता बसल म्हाईत नाय म्हणून. भांडल्यावानीच म्हणला, “आक्का, पैठणची येष्टी कितीला हाय? चल, आवर.” म्या भाकरी बांधल्या, दोघं गेलो.

तिथं कुणी या म्हणलं नाय. इहीणबाई ओट्यावर बसल्यात, पाणी सुदीक इचारलं नाय. संध्या आतल्या दाराशी आली, मला बघितलं आन पदरानं तोंड पुसलं. जावई म्हणले, आलात का शेवटी. सांडूनं पिशवी खाली टेकवली. गाडीला एक शिवी दिली, दोरी कापली, दार उघडलं, टोकाला धरून वर-खाली हलवलं. खडखड, खडखड. म्हणला, “धरा.”

शेजारचा एक गडी पुढं आला, तर जावई लगेच, माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाय. तो गडी गुमान मागं सरकला. झालं. खाली लाकडाचा ठोकळा दिला, आन जावईबापू उकिडवे बसून दोन्ही हातांनी दार धरून. सांडूनं खालची पिन ठोकून काढली. मंग वरची काढली. बिजागरीची भोकं घासली, बुश घालून बघितले, एक घट्ट, एक सैल, असं करत बसवले. काम चोख चाललंतं. मंग म्हणला, ठोकळा आडवा यायलाय, आन पायानं सरकवून दिला. आता दार नुसतं जावयाच्या हातात. आत काच, आतून वायरी गेलेल्या. सोडलं की वायरी तुटणार, काच फुटणार, आन खालची कड फरशीवर चेमटणार.

सांडूनं नव्या पिना हातात घेतल्या. आन ओट्यावर जाऊन बसला.

“इहीणबाई,” म्हणला, “च्या ठेवा की थोडा.”

जावई म्हणले, मामा, पिन घाला. सांडू म्हणला, घालतो, काय घाई हाय, आधी संध्याचं बोला. जावयानं शिव्या दिल्या, सांडूनं परत दिल्या, माझ्या देखत, इहिणीच्या देखत. सगळी आळी जमली. जावयाचे दंड थरथरायले. पारूबाई धावल्या लेकाला हात द्यायला, आन सवयीनं गेलं बघ जावयाच्या तोंडून, “आई, हात लावू नको.” म्हातारी तशीच थांबली. बाकीच्यांची तर छातीच नाय झाली.

म्या सांडूला म्हणले, पुरे कर, हे काय वागणं. खरंच लाज वाटली मला. तितक्यात संध्या बाहेर आली. हातात पिशवी, भरलेली. ती पिशवी कधी भरून ठेवलीती कुणाला म्हाईत. आधी मामाला म्हणली, “मामा, तुम्ही नका बोलू माझ्या वतीनं.” मंग त्या अवघडल्या अंगानं नवऱ्यापुढं वाकली.

“हातात दार हाय तवर ऐकून घ्या,” म्हणली, “एरवी तुम्ही मधीच उठून जाता. मला भ्या वाटतं. मला माझ्या मायपाशी बाळंत व्हायचंय. गाडीचा राग माझ्यावर काढू नका, म्या तिला कधी हात बी लावला नाय.”

 जावयाच्या नाकावरून घाम टपटप गळायलता, पुसायला हात नाय. शेवटी म्हणले, “जा. पण म्या न्यायला येणार नाय.”

सांडू उठला. दोन्ही पिना ठोकल्या, लॉक होता तिथं वर घेतला, तेल सोडलं. मंग एका बोटानं दार ढकललं. टक्क करून लागलं, तिजोरीवानी. जावयानं हात झटकले, आन त्या खड्ड्यावरून हात फिरवला. म्हणले, आन हे? सांडू पिशवी आवरत म्हणला, “त्यो ऱ्हाऊ द्या. खड्ड्याचं काम माझ्या शेडवर होतं. गाडी माझ्या दारात आणावी लागल.”

आम्ही तिघं येष्टीनं आलो. वाटंत संध्या मामाशी एक शब्द बोलली नाय. घरी आल्यावर म्हणली, तुम्ही माझ्या मालकाला आळीत खाली बघायला लावलं, ते म्या इसरणार नाय. सांडू म्हणला, नको इसरू, जेव आधी. अजून बी ती त्याला पाणी देती पण बोलत नाय.

पोरगी झाली. सुखरूप, तुझ्या मांडीवर व्हती सकाळी. जावयाला फोन गेला. “बरं,” म्हणले आन ठेवला. आले नायत. संध्या दुपारची खिडकीत बसती, गाडीचा आवाज आला की बाळाला उगाच पदरानं झाकती, पुन्हा काढती. मला कळत नाय का?

आन सांडू? त्याला इचारलं तर म्हणतो, न येईना का, गाडीचा सत्यानाश झाला तरी मला काय. पण परवा म्या शेडवर डबा घेऊन गेले. शेडची एक बाजू झाडून मोकळी केलेली, तिथं दुसरी गाडी लावू देत नाय. आन फळीवर लाल रंगाचा डबा. त्या गाडीचाच लाल, दोन-तीन जागी मिळवून बघितला म्हणे, तव्हा जमला. रोज झाकण उघडून बोट लावून बघतो, घट्ट झाला का. म्या बघितलं हे त्याला कळलं, तर मला शेडच्या बाहेर हाकललं.

म्हणून हे लिहून घेतलं बघ, तनू. आता शेवटचं लिही. हे जे कुणी वाचल आन पैठणकडं जाणार असल, त्यानं एवढं करावं. लाल गाडी दिसल, बुटकी, उजव्या दाराला लांब खड्डा, पण दार एका बोटानं लागतं. त्या गाडीवाल्याला सांगावं, सांडूमामानं रंग मिळवून ठेवलाय. धरायला गाडीवालाच लागतो, तव्हा तुम्ही स्वतः या. सासूनं सांगितलंय म्हणावं, लेकीचं बारसं अडलंय. आन रंग सुकायच्या आत या.