दुसरी किल्ली

ज्या तोंडाने नियम शिकवायचा त्याच तोंडाने, मध्ये श्वासही न घेता, तो मोडण्याची सोय सांगायची, हे कसब माणूस कोठून मिळवतो? या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही. दाखला मात्र आहे.

साबणाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळेच 'ताई' म्हणत. सख्खी ताई मात्र एकाचीच, तिथल्या फिटरची. एखादा वॉशर हरवला तरी तिला घास गोड लागत नसे. नव्या कामगारांच्या सुरक्षा-प्रशिक्षणात तिलाही बसवले होते, कारण हजेरीचा आकडा भरायचा होता. सुरक्षा अधिकाऱ्याच्या हेल्मेटवरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते.

"दुरुस्तीला मशीनमध्ये उतरलात की मेन स्विच बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं," तो म्हणाला. "म्हणजे बाहेरून कुणी मशीन चालू करणार नाही. किल्ली स्वतःच्या खिशात. आपला जीव आपल्या खिशात!"

टाळ्या पडल्या. मग त्याने नंबर घातलेली बेचाळीस लाल कुलपे वाटली आणि म्हणाला, "दुसरी किल्ली ताईंकडे जमा करा. हरवली तर पंचाईत नको."

कोणी हसले नाही. ताईने फळीवर बेचाळीस खिळे ठोकले, किल्ल्या टांगल्या. अधिकाऱ्याने त्या फळीचा फोटो अहवालात छापला.

दोन वर्षे सुपरवायझर किल्ल्या नेत राहिला. "गडी घरी गेला, कुलूप तसंच," एवढे सांगितले की पुरे. ताई सही घेई आणि किल्ली देई. सहीवर तिचा भारी विश्वास.

एका दुपारी तो धापा टाकत आला. "ताई, सतरा नंबर द्या. फिटर जेवायला गेलाय, कुलूप काढायला विसरला. मिक्सर अडकून पडलाय."

सतरा नंबर तिच्या भावाचा. त्याचा डबा तिच्याच टेबलावर होता, झाकण न उघडलेला.

"जेवायला गेलाय? डबा इथे ठेवून? मग काय, हवा खातोय?"

"अहो, गेला असेल कॅन्टीनला! वरून फोनवर फोन येतायत. द्या बघू."

"आधी माणूस दाखवा, मग किल्ली."

किल्ली मुठीत धरून ती मिक्सरपाशी गेली आणि पान्याने पत्र्यावर दोनदा ठोकले. आतून भावाचा आवाज आला, "कोण बडवतंय रे? पाती घासतोय, जरा दम धरा की!"

"मला काय माहीत?" सुपरवायझर म्हणाला. त्याच्या आयुष्यातले सर्वांत प्रामाणिक वाक्य ते हेच असावे.

ताईने रजिस्टर उघडले. दोन वर्षांच्या सह्या होत्या. ज्यांच्या किल्ल्या दिल्या, त्यांतल्या एकाचाही डबा तिने कधी पाहिला नव्हता. तिने बेचाळीस किल्ल्या वेल्डरकडे नेल्या, वितळवून त्यांचा एक गोळा करून घेतला आणि तो अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. "घ्या. जमा केल्या."

तिला मेमो मिळाला: कंपनीच्या मालाची नासधूस. सुपरवायझरला काहीच नाही. सर्वांना मात्र पुन्हा प्रशिक्षण, तेच दोन तास, तेच हेल्मेट. 'आपला जीव आपल्या खिशात' या वाक्याला सर्वांत मोठी टाळी सुपरवायझरची होती.

मार्च २०२१ मध्ये ताई निवृत्त झाली. त्याच वर्षी कारखान्याने साठ नवी कुलपे घेतली, आणि स्टोअरच्या भिंतीवर साठ खिळ्यांची फळी लागली.