ओडिलियाचं बंद दार

मादुरेइरा वस्तीत ओडिलिया मावशीला कोण ओळखत नाही? बसमध्ये चढली तरी एखादा टवाळ गुणगुणायचाच, "ओडिलिया, उघड दार!" वाल्देमिरोने, म्हणजे मिरोने, तरुणपणी तिच्यावर रचलेला सांबा, नाचाचं गाणं, तो. रात्रभर दाराशी उभा राहिलो, पण हिला पाझर फुटला नाही, असं रडगाणं. गाणं गाजलं, मिरो साओ पाउलोला निघून गेला आणि दगडाच्या काळजाची बाई म्हणून ही मागे राहिली. पुढे तिने लग्न केलं, कार्निव्हलचे झगे शिवले, मुलं वाढवली, नवऱ्याला मूठमाती दिली. गाणं मात्र पाठ सोडेना. बरं, चाल मेली इतकी गोड, की भाजी चिरताना तिच्याच ओठांवर यायची. मग मिरोची अशी आठवण दाटायची की सुरी खाली ठेवावी लागे.

त्या रविवारी दुपारी शेजारच्या नेइदीच्या परसात सांब्याची बैठक रंगली होती. ओडिलिया कोपऱ्यात माशाचे वडे तळत होती. नेइदी धापा टाकत आली.

"मावशी, मिरो आलाय! त्याची ती चिमुकली गिटार, कावाकिन्यो, घेऊन बसलाय बघ!"

"बसू दे. माझे वडे करपतील."

"मग झारा उलटा का धरलायस?"

"तेल उडालं गं, चोंबडे!"

वडे करपलेच. तिकडे खंजिरी घुमली आणि कुणीतरी मुद्दाम तेच गाणं उचललं. अख्खं परस ओरडलं, "ओडिलिया, उघड दार!" एरवी हे पालुपद सुरू झालं की ती घरची वाट धरायची. आज तिने झारा टाकला, एप्रनला हात पुसले आणि सरळ रिंगणात घुसली.

बैठकीचा कायदा साधा आहे. पालुपद सगळ्यांचं, मधल्या ओळी ज्याला सुचतील त्याच्या. एकाने ओळी फेकल्या की दुसऱ्याने त्याच तालात उत्तर द्यायचं, नाहीतर हार कबूल करायची. मिरोचे केस पिकले होते, हसू तेच होतं. ओडिलिया त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ती गायली:

"दार कुठलं रे, कुठली कडी?
पडदा होता, झालर तांबडी!
वारा आला, कुत्रं आलं,
तुझंच पाऊल का अडखळलं?"

मग एकच कल्ला उठला! दारच नव्हतं? इतकी वर्षं गावाने या बाईला बोल लावला, आणि तिच्या तेव्हाच्या खोलीला साधं दारसुद्धा नव्हतं? नेइदी टाळ्या पिटत नाचू लागली. "घे मिरो, दे आता उत्तर!"

खंजिरी वाजत राहिली. मिरोची बोटं तारांवर थबकली. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. ज्याच्या जिभेवर ओळी नाचायच्या त्याची दातखीळ बसली. शेवटी तो न गाताच पुटपुटला, "घाबरलो होतो गं मी. तू आत घेतलं असतंस, तर जन्मभर राहावं लागलं असतं."

ओडिलियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पायांनी ताल सोडला नव्हता.

"असं नाही चालायचं," ती म्हणाली. "माझ्या माथी खोटं मारलंस ते गाऊन. आता खरंही गाऊनच सांग. जुळव यमक, मी थांबलेय."